स्मारक पाहून बरे वाटले, ते मोजायचे कसे?

१ जानेवारीच्या रात्री वस्तीत परत आलो की घरोघरी एकच चौकशी सुरू होते. यंदा गर्दी किती होती? कोणी एक आकडा सांगतो, दुसरा लगेच त्याच्या दुप्पट सांगतो. पेरणे फाट्यावर गाड्या कुठपर्यंत लागल्या होत्या, पुस्तकांच्या स्टॉलवर रेटारेटी किती होती, बंदोबस्त किती होता, हे सगळे मोजले जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रेही तेच छापतात. पण विजयस्तंभासमोर दोन मिनिटे हात जोडून उभी राहिलेली बाई घरी काय घेऊन आली, त्या रात्री तिला झोप कशी लागली, महिन्याभराने तिच्यात काही फरक राहिला का, हे तिला कोणी विचारत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते.

विचारावेसे वाटले ते आमच्या वस्तीतल्या एका आजींमुळे. आजींना साखरेचा आजार, गुडघे दुखरे. मुलगा म्हणाला, यंदा घरीच अभिवादन करा. आजी ऐकणाऱ्या नव्हत्या. गेल्या, गर्दीत तासन्‌तास उभ्या राहिल्या आणि रात्री गुडघा सुजवून परत आल्या. आम्ही रक्तदाब पाहायला गेलो तर आजी म्हणाल्या, "लई बरं वाटलं बघा." सूनबाई आतून म्हणाली, "गुडघा एवढा झालाय आणि म्हणे बरं वाटलं!" आमच्या मते दोघींचेही खरे होते. गुडघ्याची सूज आम्हाला दिसत होती, टेप लावून मोजताही आली असती. आजींचे 'बरं वाटलं' मात्र आमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे, ते कळेना.

आरोग्याच्या पानावर स्मारके आणि संग्रहालये कशाला, असे काही वाचकांना वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्यात आरोग्याची व्याख्या करताना शरीर, मन आणि समाज या तिन्ही बाजूंनी माणूस सुस्थितीत असणे म्हणजे आरोग्य, असे मानले आहे. नुसता आजार नसणे पुरेसे धरलेले नाही. आपल्या वस्त्यांत ताप, खोकला, साखर, रक्तदाब यांच्याकडे निदान लक्ष तरी जाते. मनाकडे उशिरा जाते. आणि समाजाकडून जो मार मनाला बसतो, म्हणजे शाळेत आडनाव विचारून झालेली कुजबुज, भाड्याची खोली बघायला गेल्यावर 'झाली, दिली' असे ऐकणे, कामाच्या ठिकाणी वेगळा कप, त्याला तर आपण आजाराचे कारण म्हणूनही धरत नाही. हा मार वर्षानुवर्षे साचतो. मग ज्या जागी गेल्यावर तो थोडा हलका होतो, तिचा विचार या पानावर व्हायलाच हवा.

कोरेगाव भीमाला नेमके आहे काय, ते आधी पाहू. पुण्याहून नगर रस्त्याने निघालो की वाघोली, लोणीकंद, मग पेरणे फाटा. भीमा नदीच्या अलीकडे पेरणे, हवेली तालुक्यात. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा, शिरूर तालुक्यात. स्तंभ अलीकडच्या काठावर आहे, नाव मात्र पलीकडच्या गावाचे लागले आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची ही आठवण. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालची आठशेच्या आसपास फौज दिवसभर पेशव्यांच्या फार मोठ्या सैन्यासमोर टिकून राहिली. १८२१ साली स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर इंग्रजीत आणि मराठीत मजकूर कोरला आहे आणि पडलेल्या शिपायांची नावे आहेत. एकूण ४९ नावे, त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. आपल्या पूर्वजांना गावात हाक मारताना लागायचे तेच 'नाक'. ज्यांचे नाव गावाच्या कागदावर वेठबिगारीसाठीच चढायचे, त्यांचे नाव इथे लढणारा म्हणून दगडात कोरलेले आहे.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब इथे आले. त्याच वर्षी २० मार्चला ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. या दोन तारखांत अडीच महिन्यांचे अंतर आहे. एकीमुळे दुसरी घडली, असे आम्ही म्हणणार नाही. महाडची तयारी वेगळी होती, कारणेही वेगळी होती. तरी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की वाटते, माणसाच्या मनावर एखाद्या जागेचा जो परिणाम होतो तो दुसऱ्या दिवशी मोजून संपत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. स्तंभ म्हणजे संग्रहालय नव्हे. स्तंभाजवळ आपण उभे राहतो, नमन करतो, नावे वाचतो आणि गर्दी पुढे ढकलते म्हणून सरकतो. संग्रहालयात वस्तू असतात, त्यांच्याजवळ थांबता येते, विचारता येते, मुलाला समजावून सांगता येते. या रस्त्यावर शांतपणे बसून ही गोष्ट समजून घेता येईल असे संग्रहालय व्हावे, असे वस्तीत पुष्कळांना वाटते. झाले तर आनंदच आहे. पण ते कशासाठी हवे आणि त्याने आपले काय भले झाले पाहिजे, हे आपण आधी सांगितले नाही, तर संगमरवर, कारंजे आणि गाड्यांच्या पार्किंगवर पैसा जाईल आणि उद्घाटनाच्या फोटोत आपण मागच्या रांगेत उभे असू.

म्हणून आम्ही वस्तीतल्या काही बायका आणि शाळकरी मुलांना घेऊन पुण्याला, सेनापती बापट रस्त्यावरच्या सिम्बायोसिसच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात गेलो. १ जानेवारीची गर्दी नाही, साधा दिवस. तिथे बाबासाहेबांची खुर्ची आहे, व्हायोलिन आहे, कपडे आहेत, घरातली भांडी आहेत, भारतरत्न पदक आहे. ज्या पलंगावर त्यांचे महापरिनिर्वाण झाले तो पलंगही आहे. बायका पदकासमोर फारशा थांबल्या नाहीत. त्या थांबल्या भांड्यांपाशी आणि पलंगापाशी. एक मावशी हळूच म्हणाली, "आपल्यासारखाच माणूस झोपायचा की हो." पोरे व्हायोलिनपाशी घुटमळली. बाबासाहेब वाद्य शिकत होते हे त्यांना ठाऊकच नव्हते. फोटोतला सूट-बुटातला, बोट वर केलेला महापुरुष त्यांना माहीत होता. थकून येऊन वाद्य हातात घेणारा माणूस माहीत नव्हता. परतताना बसमध्ये एक मुलगा विचारत होता, व्हायोलिन किती रुपयांना मिळते? विचारणारा गणितात नापास झालेला, घरात कोणाशी धड न बोलणारा पोरगा. आम्ही हे वहीत लिहिले. पण एका पोराच्या एका प्रश्नावरून 'संग्रहालयाने भले होते' असे म्हणणे म्हणजे एका रुग्णाचा ताप उतरला म्हणून औषध सर्वांना लागू म्हणण्यासारखे झाले असते.

जगात हे मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या ३,९११ लोकांची दहा वर्षे नोंद ठेवली गेली. जे काही महिन्यांतून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा संग्रहालये, प्रदर्शने पाहायला जात, त्यांच्यात स्मृतिभ्रंश, म्हणजे म्हातारपणी आठवण आणि समज ढासळण्याचा आजार, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. त्यात ६,७१० लोकांवर चौदा वर्षे लक्ष ठेवले होते. संग्रहालय, नाटक, संगीताचे कार्यक्रम अशा ठिकाणी काही महिन्यांतून एकदा तरी जाणाऱ्यांत त्या काळात मृत्यूचा धोका ३१ टक्के कमी दिसला. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांत १४ टक्के कमी. २०१९ सालीच जागतिक आरोग्य संघटनेने कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात तर २०१८ पासून डॉक्टर रुग्णाला गोळ्यांसोबत ललित कला संग्रहालयाची चिठ्ठी लिहून देऊ लागले. ती दाखवली की रुग्णाला आणि सोबतच्या घरच्यांना प्रवेश फुकट.

हे आकडे व्हॉट्सॲपवर 'संग्रहालय पाहा, आयुष्य वाढवा' म्हणून फिरायला वेळ लागणार नाही. तेव्हा जरा थांबू. संग्रहालयात कोण जातो? ज्याला चालता येते, दिसते, ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत आणि ज्याचा त्या दिवसाचा रोज बुडत नाही. असा माणूस तसाही जास्त जगतो. मग तो संग्रहालयामुळे जगला की पैशामुळे? अभ्यास करणाऱ्यांनाही ही अडचण माहीत होती. त्यांनी संपत्ती, शिक्षण, आधीचे आजार असे हिशेब वेगळे काढले, तेव्हा फरक कमी झाला पण पुसला गेला नाही. तरीही नुसते निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनी मान्य केले आहे. शिवाय ती माणसे इंग्लंडमधली. आमच्या आजींचा गुडघा आणि त्यांचा बसचा प्रवास त्या हिशेबात नाही. ऐकीव गोष्ट, मग ती कितीही मोठ्या माणसाची असो, स्वतः तपासल्याशिवाय घेऊ नये, हे आपल्याला विहारात लहानपणापासून सांगितले जाते. इथे ते कामाला येते.

तपासायचे तर साधन हवे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये लिंडा थॉमसन आणि हेलन चॅटर्जी यांनी २०१३ साली खास संग्रहालयांसाठी एक साधन तयार केले. कागदावर रंगीत छत्री काढलेली असते. छत्रीच्या सहा फाकांवर सहा शब्द असतात: आनंदी, सजग, उत्साही वगैरे. पाहणारा आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर प्रत्येक शब्दाला १ ते ५ गुण देतो. दुसरी छत्री त्रासदायक भावनांची असते. एवढे सोपे साधन. ते आम्हाला आवडले, पण शब्द आपले वाटेनात. 'तुम्हाला सजग वाटते का?' असे विचारल्यावर एक काकू म्हणाल्या, "म्हंजी जागी हाय का असं इचारता? जागीच हाय की."

मग विहारात बसून बायकांनीच शब्द निवडले. चांगल्या छत्रीत आले: हलकं वाटतंय, धीर आलाय, मान ताठ झाली, डोकं शांत आहे, आणखी कळून घ्यावंसं वाटतंय, एकटं वाटत नाही. वाईट छत्रीत आले: भीती, संताप, दमणूक, उदासी, लाज, चिडचिड. 'लाज' हा शब्द ठेवायचा की नाही यावर बराच वेळ वाद झाला. तरुण मुली म्हणाल्या, आपल्याला कसली लाज? मग एका ताईने सांगितले की काही वर्षांपूर्वी ती मुलांना घेऊन एका मोठ्या संग्रहालयात गेली होती. दारावरच्या माणसाने आधी चपलांकडे, मग पिशवीकडे पाहिले आणि विचारले, "काय काम आहे?" आत पोरांनी काचेला हात लावला म्हणून तो सगळ्यांदेखत खेकसला. ती म्हणाली, आत काय होते ते आज एक आठवत नाही, दारावरचे तेवढे आठवते. शब्द राहिला.

गुण द्यायची पद्धतही बदलावी लागली. लिहिता न येणाऱ्यांनी बोटे वर करावीत, असे आधी ठरले. पण सगळ्यांसमोर बोटे वर करायची तर शेजारीण चार दाखवते म्हणून आपणही चार. आता प्रत्येकीला पाच चिंचोके देतो. विचारलेल्या शब्दासाठी वाटेल तेवढे चिंचोके कापडाखाली डब्यात टाकायचे, उरलेले हातात ठेवायचे. विचारणारीही तोंड फिरवून बसते. यात आम्हाला एवढे कळले की चार मोठ्या बाया समोर असल्या की सूनबाईचा 'धीर' वेगळा निघतो आणि कापडाखाली वेगळा.

कधी विचारायचे, हेही महत्त्वाचे. निघण्याआधी एकदा, परत आल्यावर एकदा आणि महिन्याने एकदा. परत आल्या आल्या सगळ्यांनाच बरे वाटते. चार घरे मिळून डबे बांधून गेलो, बसमध्ये गाणी म्हटली, त्याचाही त्यात वाटा असतो. तो वेगळा काढायचा तर शेजारच्या गल्लीतल्या तेवढ्याच बायका एखाद्या बागेत सहलीला नेऊन त्यांनाही हेच विचारावे लागेल. समजा, संग्रहालयात गेलेल्यांचा 'धीर' आधी २ होता, आल्यावर ४ झाला, महिन्याने ३ राहिला. बागेत गेलेल्यांचा २ वरून ४ झाला आणि महिन्याने परत २ वर आला. मग सहलीचा आनंद दोघींना सारखाच मिळाला, आणि महिन्यानंतर उरलेला तो एक चिंचोका संग्रहालयाच्या खात्यात टाकायचा. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, मोजलेले नव्हेत. पण हिशेब असाच करावा लागतो. आधीचे न मोजता नंतरचे मोजले, तर त्या मोजण्याला अर्थ नाही.

याच्या जोडीला आम्ही आणखी एक कागद वापरतो, तो घरीही वापरता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी पाच प्रश्नांची ही चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, स्वस्थ आणि निवांत वाटले का, अंगात तरतरी होती का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले का, रोजच्या दिवसात मन रमेल असे काही होते का. प्रत्येकाला ० ते ५ गुण: कधीच नाही तर ०, सतत तर ५. एकूण २५. बेरीज १३ पेक्षा कमी आली तर मनाची तपासणी करून घ्यावी, असा संकेत धरतात. याचा अर्थ आजार आहेच असा नाही. ताप मोजून डॉक्टरकडे जावे, तसे हे. आमच्याकडे सहलीसाठी म्हणून कागद भरताना एका भगिनीची बेरीज फारच कमी आली. ती घरात हसतमुख, विहाराच्या कामात पुढे. कोणाला कल्पनाही नव्हती. संग्रहालयाचे भले मोजायला बसलो आणि एका माणसाचे दुखणे सापडले. तिला आम्ही सहलीच्या भरवशावर सोडले नाही, डॉक्टरकडे नेले. मन सतत जड असेल, झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते.

वाईट छत्रीबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण आपल्या जागांच्या बाबतीत तीच आपण मिटवून ठेवतो. १ जानेवारी २०१८ रोजी या रस्त्यावर दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. त्या दिवशी बसमध्ये सीटखाली लपलेली मुले आता तरुण झाली आहेत. त्यांच्यातल्या काहींना आजही त्या रस्त्याला लागले की छातीत धडधड होते, मोठा आवाज झाला की दचकायला होते. ती तरीही जातात. त्यांना बाहेर आल्यावर विचारले तर 'मान ताठ' पाच आणि 'भीती' पण चार. दोन्ही एकाच वेळी. ज्याने फक्त आनंदाची छत्री मोजली, त्याला हे कळणार नाही, आणि तो कागदावर 'अभ्यागत समाधानी' असे लिहून मोकळा होईल. अत्याचाराची चित्रे, जळालेल्या घरांचे फोटो मांडायचे तर पाहून झाल्यावर बसायला जागा, पाणी आणि बोलायला माणूस असायला हवा. लहान मुलांना काय दाखवायचे आणि कोणत्या वयात, हेही ठरवायला हवे. जखम उघडून दाखवली की आपोआप बरी होते, यावर आमचा विश्वास नाही.

दुसरे, समाजाचे भले म्हणजे फक्त आपले नव्हे. हे काही वाचकांना आवडणार नाही, तरी लिहितो. आपण वर्षातून एकदा जातो; पेरणे, कोरेगाव भीमा, सणसवाडीची माणसे ३६५ दिवस तिथेच राहतात. त्यांत सगळ्या जातींची आहेत, आपलीही घरे आहेत, आणि कारखान्यांत कामाला आलेली परगावची पोरे भाड्याच्या खोल्यांत आहेत. उद्या तिथे संग्रहालय झाले आणि गावातली शाळा शेवटच्या तासाला मुलांना घेऊन पायी तिथे यायला लागली, दुकानदाराला साध्या दिवशीही गिऱ्हाईक मिळायला लागले, दोन घरे एकमेकांशी बोलायला लागली, तर ते भले कोणत्याही छत्रीपेक्षा मोठे. आणि गाव तोंड फिरवून बसले, तर आपला 'धीर' पाच आला तरी ते मोजमाप अर्धेच आहे. म्हणून चिंचोके त्यांच्याही हाती द्यावे लागतील. ते काय टाकतील याची आम्हाला थोडी धास्ती आहे. पण विचारल्याशिवाय कळायचे कसे?

दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची मोठी वस्ती होती. १९६६ साली वर्णद्वेषी सरकारने ती गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि साठ हजारांवर माणसांना उठवून घरे पाडली. १९९४ साली तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये त्या लोकांनी संग्रहालय उभे केले. तिथली मुख्य वस्तू म्हणजे जमिनीवर अंथरलेला जुन्या वस्तीचा नकाशा. उठवलेली माणसे त्यावर चालत यायची, आपली गल्ली शोधायची आणि घर होते त्या जागी आपले नाव लिहायची. काचेच्या कपाटात ठेवायला मौल्यवान असे त्यांच्याकडे फार काही नव्हते. नाव लिहायची जागा होती. पेरण्याच्या स्तंभावर ४९ नावे आहेत. पण १९२७ नंतर बैलगाडीने, पायी, एसटीने तिथे आलेल्या आपल्या आज्या-आजोबांची नावे कुठे आहेत? कोणाच्या घरी जुना फोटो असेल, कोणाकडे मानवंदनेचा जुना बिल्ला, महार रेजिमेंटमध्ये होता त्या आजोबांची पेटी. संग्रहालय आपल्याच कोनाड्यांतून सुरू होईल. आणि इमारत होण्याची वाट पाहायचीही गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये प्रदर्शन मांडून शाळांत आणि गावांत नेले आहे. बस नाही, तर विहाराचा ओटा आहे.

शिवाय काही मोजमापे अशी आहेत की त्यांना छत्रीही लागत नाही. बायकांसाठी संडास किती, स्वच्छ किती, दाराला कडी आहे का? आमच्या कितीतरी माता-भगिनी १ जानेवारीला पहाटेपासून पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायचे कुठे. दोन दिवसांनी लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात येतात. बसायला बाक किती? व्हीलचेअर आत जाते का? माहिती मराठीत, मोठ्या अक्षरात आणि डोळ्यांच्या उंचीवर आहे का? सोमवारी बंद आणि रविवारी गर्दी असे असेल तर रोजंदारीवरच्या माणसाने यायचे कधी? हे प्रश्न आत जाणाऱ्या कुठल्याही मोजणी-वहीत पहिल्या पानावर हवेत, कारण इथे शून्य मिळाले तर पुढच्या पानांना फारसा अर्थ राहत नाही.

यंदा जाणाऱ्यांसाठी एवढेच. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये. भाकरी, भाजलेले शेंगदाणे, गूळ किंवा साखरेची पुडी जवळ ठेवावी आणि गोळीची वेळ चुकवू नये. घाम सुटला, हातपाय कापू लागले तर आधी साखर तोंडात टाकावी, मग बसावे. पाणी थोडे थोडे पीत राहावे. पाय सुजणाऱ्यांनी दर तासाला बसावे, पाय थोडे वर घ्यावेत, घट्ट चपला घालू नयेत. मुलांच्या खिशात घरच्या दोन फोन नंबरांची चिठ्ठी ठेवावी. दोन्ही छत्र्यांचे कागद विहारात ठेवले आहेत. निघण्याआधी एक भरून द्या, आल्यावर दुसरा. तिसरा घ्यायला आम्हीच येऊ, माघ पौर्णिमेच्या आसपास. आजींनी या वेळी गुडघ्याला पट्टा बांधून जायचे कबूल केले आहे, पण चिंचोके मात्र आल्यावरच टाकीन म्हणाल्या. आधी टाकल्याशिवाय हिशेब लागत नाही हे त्यांना समजावणे अजून चालू आहे.